ओ दादा, एक्स-रे कुठंय? सार्वजनिक इमारतीत दिशादर्शक पाट्या लावायच्या तर

सरकारी दवाखाना, तहसील कचेरी, महापालिकेचं झोन ऑफिस, कॉलेज, ग्रंथालय. यांपैकी एखाद्या इमारतीतल्या पाट्यांचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, असं धरून चालतो. तुम्ही आर्किटेक्चरचे विद्यार्थी असाल, फ्लेक्सच्या दुकानात डीटीपी करत असाल, किंवा साहेबांनी "जरा बोर्डांचं बघा" म्हणून सांगितलेले कारकून असाल. तिघांचीही सुरुवात एकाच जागी होते: वही-पेन घेऊन वॉचमनशेजारी खुर्ची टाकायची. उदाहरणं सोलापूरची घेतो, पद्धत कुठंही चालते.

आधी प्रश्न ऐका

वॉचमन, केसपेपरच्या खिडकीतला माणूस, गेटजवळचा चहावाला आणि झेरॉक्सवाला, या चौघांना लोक दिवसभर रस्ता विचारत असतात. ते प्रश्न जसेच्या तसे लिहून घ्या, शब्द सुधारू नका. "हाडाचे डॉक्टर कुठं बसतेत?" असं विचारलं असेल तर तेच वहीत आलं पाहिजे. प्रश्न कुठल्या भाषेत आला, विचारणारा कुठं उभा होता आणि किती वाजले होते, हेही टिपा. ओपीडीच्या गर्दीच्या वेळचे प्रश्न वेगळे असतात आणि संध्याकाळी भेटायच्या वेळेतले वेगळे. संध्याकाळी येणाऱ्याला विभागाचं नाव बहुतेक वेळा माहीतच नसतं. त्याला फक्त एवढंच ठाऊक असतं की आपला पेशंट "वरच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात" आहे.

उत्तरंही लिहा. वॉचमन सांगतो, "सरळ जावा, पाण्याची टाकी लागंल, तिथनं उजव्या हाताला वळा, जिन्याच्या अलीकडचं दार." एका वाक्यात तीन खुणा आल्या: टाकी, वळण, जिना. विभागाच्या अधिकृत नावाचा पत्ता नाही. केविन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने १९६० मध्ये मांडलं होतं की माणसाच्या डोक्यातलं शहर वाटा, कडा, परिसर, चौक आणि ठळक खुणा या पाच गोष्टींनी बनतं. आपल्या वॉचमनने लिंच वाचलेला नसतो, पण त्याचं उत्तर नेमकं त्याच साच्यातलं असतं. त्याने सांगितलेल्या खुणांची यादी हा तुमचा पहिला नकाशा.

दुसरा पुरावा भिंतीवर चिकटलेला असतो. सेलोटेप लावलेले ए-फोर कागद शोधा. "इथे चौकशी करू नये", "सोनोग्राफी इकडे नाही", "दाखल्यासाठी खिडकी ३ वर जावे". वैतागलेल्या कर्मचाऱ्याने मार्करने लिहिलेला असा प्रत्येक कागद म्हणजे जिथं पाटी हवी होती आणि नव्हती ती जागा. सगळ्यांचे फोटो काढून नकाशावर मांडा. तज्ज्ञ बोलावून सर्वेक्षण केलं तरी यापेक्षा फार वेगळं काही हाती लागणार नाही.

चालून बघा

इमारतीचा नकाशा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा मेंटेनन्सवाल्याकडे मिळतो. नाहीच मिळाला तर जिन्यापाशी लावलेल्या आगीच्या वेळच्या नकाशाचा फोटो काढा, नाहीतर हाताने काढा. तो घेऊन पूर्ण फेरी चाला: गेट, केसपेपर, ओपीडी, रक्त-लघवी तपासणी, परत ओपीडी, औषधाची खिडकी, गेट. हीच फेरी एकदा व्हीलचेअर ढकलत करा. मग कळतं की रॅम्पकडे नेणारा बाण रॅम्पच्या तोंडाशी आहे, म्हणजे माणूस आधी पायऱ्यांपर्यंत येणार आणि मग मागे फिरणार. रॅम्पची पाटी गेटपाशीच हवी.

जिथं माणसाला एकापेक्षा जास्त वाटा दिसतात तिथं पाटी लागते. मधल्या पट्ट्यात लागत नाही. अपवाद लांब कॉरिडॉरचा. तिथं अर्ध्यावर "एक्स-रे, सरळ" असा धीर देणारा छोटा बाण असला की लोक मध्येच परत फिरत नाहीत. पाटी आणखी एका ठिकाणी हमखास राहून जाते: जिन्याचं शेवटचं पाऊल. माणूस वर येतो, तोंड भिंतीकडे असतं आणि भिंतीवर मंत्रिमहोदयांच्या हस्ते झालेल्या उद्घाटनाची कोनशिला असते.

मोठ्या इमारतीत आत वाटा फुटतात त्या जागांना मी नाव द्यायला सांगतो. सोलापूरकराला पत्ता चौकांतूनच कळतो. सात रस्ता, पार्क चौक, कन्ना चौक, अशोक चौक, विजापूर वेस. आतल्या तिठ्यांनाही "पाणपोई चौक", "घड्याळ चौक" अशी नावं द्या आणि तिथं ती गोष्ट खरोखर ठेवा: मोठं घड्याळ, रंगवलेला खांब, काहीही. मग फोनवर "घड्याळ चौकात ये, मी तिथंच बसलोय" एवढं पुरतं. खर्च जवळपास शून्य, फायदा भरपूर. नवख्या डिझायनरला मात्र यात काही "डिझाइन" केल्यासारखं वाटत नाही, म्हणून हे राहून जातं.

पाटीवर काय लिहायचं

अधिकृत नाव आणि तोंडातलं नाव यांत भांडण लावू नका. दोन्ही घ्या, पण मोठं अक्षर तोंडातल्या नावाला द्या. एक पाटी जवळून पाहू. जुनी अशी असते:

"अस्थिव्यंगोपचार बाह्यरुग्ण विभाग / क्ष-किरण चिकित्सा विभाग / विकृतीशास्त्र प्रयोगशाळा", तिन्ही ओळी एकाच आकाराच्या, मध्यावर जुळवलेल्या, आणि बाण फक्त एक, तळाशी, उजवीकडे. तो बाण तिन्हींसाठी की शेवटच्या ओळीसाठी, ते कळत नाही.

तीच पाटी नव्याने: वर डावा बाण, त्याच्या बाजूला "हाडांचे डॉक्टर", खाली बारीक अक्षरात "अस्थिव्यंगोपचार ओपीडी, खोली ११२". मग एक जाड रेघ. रेघेखाली उजवा बाण आणि त्याच्यासमोर दोन ओळी: "एक्स-रे, खोली १२०" आणि "रक्त-लघवी तपासणी, खोली १२४". डावीकडे जाणारं सगळं एकत्र, उजवीकडचं एकत्र, सरळ जाणारं सगळ्यात वर. एका पाटीवर पाचाच्या वर नावं गेली की लोक वाचणं सोडतात आणि शेजारच्याला विचारतात.

तहसीलमध्येही हेच. माणूस "सातबारा", "उत्पन्नाचा दाखला", "सेतू" हे शब्द घेऊन येतो. "अभिलेख कक्ष" लिहायचं असेल तर लिहा, पण खाली "जुने सातबारा-फेरफार इथे" ही ओळ जोडा.

खोल्यांचे क्रमांक पाटी बनवायच्या आधी सरळ करून घ्या. तळमजल्याच्या खोल्या १ ते ९९, पहिल्या मजल्याच्या १०१ पासून, दुसऱ्याच्या २०१ पासून. लिफ्टच्या बटणावर "०" असेल आणि भिंतीवर "तळमजला", तर दोन्ही शेजारी छापा. आकड्यांबाबत माझं मत थोडं वादाचं आहे. मराठी आकडे मला जीव की प्राण, पण केसपेपर, टोकन आणि लिफ्टवर इंग्रजी आकडे छापलेले असतात. खोलीचा आकडा कागदावर जसा, तसाच दारावर असावा. मराठी आकडे ठेवायचे तर केसपेपरही बदलून घ्या. तेवढी धमक साहेबांत असेल तर उत्तमच.

भाषा किती

सोलापुरात हा प्रश्न पुण्यासारखा दोन भाषांत मिटत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांत कन्नड, शहरात उर्दू आणि दखनी हिंदी. शिवाय अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला निघालेले परप्रांतीय भाविक. म्हणून काहीजण प्रत्येक पाटीवर पाच लिप्या भरतात. मग पाचही वाचता येत नाहीत.

माझा हिशोब असा. मराठी प्रत्येक पाटीवर, सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठी. दुसरी ओळ इंग्रजीची. कन्नड, तेलुगू, उर्दू या तिन्ही प्रवेशद्वाराच्या मोठ्या फलकावर, आपत्कालीन विभागावर, प्रसूती वॉर्डावर आणि पैसे भरायच्या खिडकीवर. बाकी ठिकाणी चित्र, रंग आणि आकडा. मराठीसोबत दुसरी भाषा चालेल का, अशी शंका कार्यालयात कुणी काढली तर सांगा की अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असण्याला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हरकत नसल्याचा निकाल दिलाय.

भाषांतर मोबाइलवर करून थेट छापायला देऊ नका. कन्नड आणि तेलुगू लिप्या नवख्याला सारख्या दिसतात आणि छापखान्यात अदलाबदल होते. ती भाषा वाचणारा एक माणूस प्रूफवर सही करायला हवाच. सोलापुरात असा माणूस शोधायला फार तर शेजारच्या टेबलापर्यंत जावं लागतं.

अक्षर

इथं थोडं थांबतो, कारण मराठी पाट्या इथंच बिघडतात.

फाँट साधा, एकसारख्या जाडीचा घ्या. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही फुकट आहेत. नोटोमध्ये कन्नड आणि तेलुगूचे जोडीदार फाँटही मिळतात, म्हणून सगळ्या लिप्या एका घरच्या वाटतात. कित्येक फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की चांगल्या फाँटमध्ये मराठी वळणाची अक्षरं येतात. "कऱ्हाड", "दुसऱ्या" यांतला अर्धा र नीट उमटतोय का तेही बघा. "दुसऱ्या मजल्यावर" हे शब्द तर पदोपदी लागतात.

छापणाऱ्याकडे फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून द्या, म्हणजे फाँटवर अवलंबून न राहणाऱ्या आकृत्या करून. त्याच्याकडे जुनं कोरल ड्रॉ सॉफ्टवेअर किंवा युनिकोड नसलेला फाँट असला की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षर फुटतं आणि ते लक्षात येतं ते पाटी भिंतीवर चढल्यावर. एक मूळ फाइल कर्व्ह न केलेलीही स्वतःकडे ठेवा, दुरुस्तीला लागेल.

आकाराचा ठोकताळा: जितक्या अंतरावरून वाचायचं त्याचा दोनशेवा भाग एवढी अक्षराची उंची. दहा मीटरवरून वाचायचं तर पाच सेंटिमीटर. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या बुडापर्यंत मोजायची, मात्रा-वेलांट्या सोडून. म्हाताऱ्या माणसांची वर्दळ असेल तर आणखी वाढवा. दोन ओळींत अंतर सढळ हाताने सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. इंग्रजीच्या सवयीने लेआउट करणारे हमखास इथं फसतात. आणि पाटी भरावी म्हणून अक्षरं आडवी ताणायची नाहीत. जागा उरली तर उरू द्या.

रंग, चित्रं आणि सोलापूर

आता कल्पकतेचा भाग. काही रंगांचे अर्थ आधीच ठरलेले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकांत लाल म्हणजे मनाई किंवा अग्निशमन साहित्य, पिवळा म्हणजे धोका, निळा म्हणजे हे केलंच पाहिजे, हिरवा म्हणजे सुरक्षित वाट. बाहेर पडायच्या दारावरचा हिरवा पळणारा माणूस जपानी डिझायनर युकिओ ओटा यांच्या चित्रातून जगभर गेला. तो तुमच्या शैलीत नव्याने काढू नका. (आणि त्या दाराला साखळी-कुलूप असेल तर पाटीआधी ते काढायला लावा.) शौचालय, लिफ्ट, चौकशी, पाणी यांची चित्रंही तयार मिळतात. अमेरिकेत एआयजीए या डिझायनरांच्या संस्थेने १९७४ मध्ये ३४ चिन्हं केली, १९७९ मध्ये ती ५० झाली, आणि ती कुणालाही फुकट वापरता येतात.

तुमचं स्वतःचं डोकं चालवायची जागा म्हणजे इमारतीच्या विंगांची ओळख. "ए विंग, बी विंग" कुणाच्या लक्षात राहत नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या मेक्सिको सिटीच्या मेट्रोत लान्स वायमन यांच्या चमूने प्रत्येक स्टेशनला एक चित्र दिलं, म्हणजे वाचता न येणारा प्रवासीही चित्र ओळखून उतरेल. आपल्याकडे चित्रांना तोटा नाही: ज्वारीचं कणीस, मागाचा धोटा, भुईकोट किल्ल्याचा बुरूज, नान्नजचा माळढोक, गिरणीचं धुराडं. "माळढोकाच्या बाजूनं दुसरा मजला" हे अक्षरशत्रू आजीही नातवाला सांगू शकते.

ही चित्रं काढायची कशी? चादरीचं डिझाइन करणारे पूर्वापार ग्राफ पेपरवर चौकोन भरत आलेत, कारण जकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या यंत्राला, नक्षी चौकोनाचौकोनानेच कळते. तुम्हीही चोवीस बाय चोवीस चौकोनांचा कागद घ्या आणि त्यात माळढोक बसवा. लांब मान, जड पोट, दोन पाय, बस. बारीकसारीक आपोआप गळून पडतं आणि उरतं ते लांबून ओळखू येतं. पायऱ्यापायऱ्यांची ती कड सोलापूरची वाटते, त्यासाठी चादरीचा फोटो चिकटवावा लागत नाही. धोटा काढताना मात्र जपा, दोन्ही टोकं निमुळती असल्याने तो होडीसारखा दिसतो. सुताचा धागा बाहेर आलेला दाखवला की भागतं.

देवळं, मशिदी, सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज ही चित्रं मी सरकारी इमारतीत टाळतो. प्रेम कितीही असो, विंगेच्या चित्रावरून बैठक बोलवायची वेळ येऊ नये.

रंग चित्राला जोड म्हणून वापरा, एकटा सोडू नका. लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं प्रत्येक रांगेत असतात. जमिनीवरच्या रंगीत पट्ट्या दवाखान्यात कामाच्या ठरतात, पण तीनच्या वर नकोत आणि पट्टी मुक्कामाच्या दारापर्यंत गेली पाहिजे. स्ट्रेचरची चाकं आणि रोजचं फिनेल यांनी ती झिजते. अर्ध्यात पुसलेली पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट.

ऊन आणि माल

सोलापूरचा एप्रिल-मे पाटीची खरी परीक्षा घेतो. पारा चाळिशीच्या वर, वर धूळ. उन्हात फ्लेक्सवरचे लाल-पिवळे आधी उडतात आणि निळसर भूत उरतं. बाहेरच्या पाट्यांना फ्लेक्स नकोच. एसीपी शीटवर (अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावलेल्या प्लॅस्टिकच्या तक्त्यावर) चांगलं विनाइल, किंवा सरळ पत्र्यावर ऑइल पेंटने हाताने रंगवलेली पाटी घ्या. चांगला पेंटर सापडला तर शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी मी त्याचंच नाव सुचवतो. पाटीवर नाव बदललं तर तो येऊन तेवढीच ओळ बदलतो. आत सनबोर्ड चालतो, पण ओल असलेल्या भिंतीवर नाही. पृष्ठभाग मॅट घ्या. चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर ट्यूबलाइट दिसते, अक्षर दिसत नाही.

महापालिकेच्या इंद्रभुवनसारख्या नक्षीदार जुन्या वास्तूत भिंतीला ड्रिल लावू नका. पायावर उभे राहणारे स्टँड वापरा.

डोळ्यांनी न वाचणाऱ्यांसाठी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, सार्वजनिक इमारत सर्वांना वापरता येणं ही मेहेरबानी राहिलेली नाही. ब्रेल आणि उठावाची अक्षरं दाराशेजारच्या भिंतीवर, कडीच्या बाजूला, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर. दारावर लावली तर वाचणाऱ्याच्या तोंडावर दार उघडतं. डोक्यावर टांगलेल्या पाटीखाली किमान २.१ मीटर मोकळं ठेवा. पायाला जाणवणाऱ्या पिवळ्या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये बनवल्या: लांब पट्ट्या म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. ठेकेदार दोन्ही मिसळून रांगोळी काढतो, तेव्हा फरशी बसवताना तिथं स्वतः हजर राहा.

आधी कागदावर, मग पत्र्यावर

सगळ्या पाट्या साध्या कागदावर खऱ्या आकारात छापा, जिथं लागणार तिथं चिकटवा आणि आठवडाभर राहू द्या. मग इमारत माहीत नसलेल्या पाच-सहा जणांना काम द्या: "गेटपासून सोनोग्राफीला जा, कुणाला विचारायचं नाही." त्यात एक वयस्कर बाई असावी, एक मराठी वाचता न येणारा, एक व्हीलचेअरवरचा. मागून चाला, मदत करू नका. ते कुठं थांबतात, कुठं मान वळवतात, एवढंच लिहा. ज्या पाटीखालून तिघं न बघता गेले, तिची जागा चुकली आहे. अक्षर मोठं करून ती सुधारत नाही.

लागल्यावर

नावं आणि वेळा कधीच कायमच्या छापू नका. डॉक्टर बदलतात, ओपीडीचे वार बदलतात. तेवढा भाग सरकवता येणाऱ्या पट्टीचा ठेवा. माहिती अधिकार आणि लोकसेवा हक्काचे जे फलक लावावेच लागतात, ते सगळे प्रवेशाजवळच्या एकाच भिंतीवर न्या. देणगीदारांची नावंही तिथंच. दिशादर्शक पाटीवर "यांच्या सौजन्याने" आणि फोटो येऊ देऊ नका, कारण पुढच्या वर्षी फोटो बाणापेक्षा मोठा होतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सने पाटी झाकली तर तो काढायचा अधिकार कुणाचा, हे कार्यालयीन आदेशात लिहून घ्या.

आणि वर्कऑर्डरमध्ये एक ओळ आधीच घाला: जुन्या सगळ्या पाट्या, चिकटवलेले कागद आणि भिंतीवर रंगवलेले बाण काढणं, भोकं बुजवून तेवढ्या जागी रंग मारणं हे ठेकेदाराच्या कामात धरलेलं आहे. ही ओळ नसली तर नवी पाटी उजवीकडे दाखवते, तिच्याखालचा पंधरा वर्षांपूर्वीचा बाण डावीकडे, आणि ठेकेदाराचं बिल पास झालेलं असतं.